कॉफी भाजायचं जुनं यंत्र घेताना

मंडळी, आजचा विषय ऐकून मागच्या रांगेतले काही जण हसले, ते आम्हाला दिसलं. बरोबरच आहे. आपला बीड जिल्हा चहाचा. महाराष्ट्रात कॉफीचं झाड पाहायचं तर चिखलदऱ्याला जावं लागतं, आणि व्यापाराचा माल येतो तो मुख्यतः कर्नाटकातून, कोडगू आणि चिकमगळूरकडून. तरी आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात कॉफीच्या दुकानात सहा वर्षं काढून अंबाजोगाईला परत आला आणि म्हणाला, “सर, भाजायचं जुनं यंत्र घेतोय. सगळं तीन लाखांत बसवायचंय. आईनं पाटल्या मोडल्यात.”

आता आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं, म्हणजे खरं ज्ञान कशानं होतं याचं शास्त्र. यंत्रातलं आम्हाला काय कळणार? पण थोडं बोलल्यावर लक्षात आलं, की याची अडचण आमच्याच विषयातली आहे. यंत्राचा भूतकाळ विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर नेमकं हेच लिहिलं: घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही. आपला १९३० चा मालविक्री कायदाही साधारणपणे घेणाऱ्यानंच डोळे उघडे ठेवावेत असं धरून चालतो.

पहिलं यंत्र १५ किलोचं होतं, आणि स्वस्त. आम्ही त्याला विचारलं, आठवड्याला विकणार किती? म्हणाला, १५ किलो. मग हिशोब केला. ५ किलोच्या यंत्रात ४ किलो कच्च्या बिया घालाव्यात. भाजताना ओलावा जाऊन वजन १५ टक्के किंवा त्याहून जास्त घटतं, म्हणजे हाती येतात सव्वातीन किलोच्या आसपास. एका घाण्याला १२-१५ मिनिटं धरली तर तासात चार घाणे. त्याचं आठवड्याचं काम सव्वा-दीड तासात संपतं! मोठ्या ड्रममध्ये थोडा माल टाकला तर तापमापक बियांत नीट बुडत नाही, आकडा खोटा दाखवतो. स्वस्त म्हणून मोठं घेणं तिथंच संपलं.

गावातल्या एकानं सुचवलं, शेंगदाण्याची भट्टी घे, तीही फिरता ड्रमच की. हे उपमान झालं, सारखेपणावरून काढलेलं ज्ञान. गवय गाईसारखा असतो हे खरं, पण म्हणून तो दूध देईलच असं नाही. कॉफी साधारण १९५ ते २०५ अंशांच्या दरम्यान तडतडू लागते. त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटात चव बदलते, म्हणून माल बाहेर काढून चार-पाच मिनिटांत थंड करावा लागतो. शिवाय बियांवरचा पापुद्रा सुटून उडतो, तो ओढून घ्यायला पंखा लागतो. दाण्याच्या साध्या भट्टीत यातलं काही नसतं.

दुसरं यंत्र ५ किलोचं. पुण्यात, बंद पडलेल्या एका दुकानातलं. मालक म्हणाला, “दोनच वर्षं वापरलंय, काही काम नाही.” आता शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द. ज्याला विषय माहीत आहे आणि जो आहे तसं सांगू इच्छितो, तो आप्त. विकणारा पहिल्या अटीत बसतो, दुसरीत बसेलच असं नाही. त्यात त्याचा दोष नाही, तो विकायला बसलाय.

म्हणून प्रत्यक्ष. आम्ही फोनवर सांगून ठेवलं होतं, की आम्ही येईपर्यंत यंत्र पेटवू नका. थंड असताना हात लावून पाहिलं, मग आमच्यासमोर पेटवलं. ज्योत निळी हवी. पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर बर्नर साफ नाही. बिया आमच्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या नेल्या होत्या. एका घाण्यावर भागत नाही, ओळीनं तीन काढायचे. पहिले दोन गुपचूप झाले. तिसऱ्याला खरखर सुरू झाली. तापून लोखंड फुगतं, आणि ड्रम पुढच्या पत्र्याला घासतो. थंड यंत्र हे कधीच सांगत नाही. त्यातच धूर धुराड्यातून जायचा सोडून तोंडाकडून येऊ लागला. नैयायिक धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखतात. आम्ही धुरावरून नळीत साचलेलं तेल आणि पापुद्रा ओळखला. तो थर पेटतो, बरं का. नळी उघडली तर बोटभर निघाला.

विद्यार्थ्याचं तोंड उतरलं. आम्हाला मात्र बरं वाटलं. कारण हे दोष कळलेले होते. यंत्र निवल्यावर मागची झाकणी काढली, बेअरिंग कोरडं आणि झिजलेलं होतं. असं बेअरिंग त्याच्यावरच्या क्रमांकावरून बाजारात मिळतं. कळलेल्या दोषाला किंमत लावता येते, ती मागता येते. भीती असते ती नियंत्रण-पेटीतल्या जळक्या पाटीची, जिचा बनवणारा सापडत नाही. ती पेटी इथं साधी होती.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. यंत्र बँकेच्या कर्जावर घेतलेलं होतं, तेव्हा बँकेचं येणं नाही असं पत्र पाहिल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. आणि वीज! मोटर तीन फेजची, घरी सिंगल फेज. शिवाय भाजताना वीज गेली तर ड्रम थांबतो आणि तापलेल्या पत्र्यावर बिया जळतात, प्रसंगी पेटतात. मोटर बदलणं आणि इन्व्हर्टर धरून खर्च मांडला, तो मालकासमोर ठेवला. घासाघीस होऊन सौदा एक लाख नव्वद हजारांवर आला.

उरलेल्या एक लाख दहामधून वाहतूक, बेअरिंग, मोटर, इन्व्हर्टर, नवी नळी आणि गॅसचं काम झालं. दहा हजारांच्या आसपास शिल्लक राहिले, त्याच्या त्यानं कच्च्या बिया आणल्या. पहिले दोन घाणे करपले म्हणे. तिसरा आम्हाला पाठवला होता. आम्ही चहाचे माणूस, पण प्यालो.