आईच्या दुधातले जिवाणू

दिवाळीनंतर बेलापुरात गल्लोगल्ली कुत्र्या व्यायलेल्या दिसतात. प्रवरा नदीच्या बाजूला उसाच्या पाचटाआड व्यालेली एक तांबडी कुत्री मी जवळून पाहिली. पिल्लांचे डोळे मिटलेले. ऊब आणि वास यांच्या आधाराने ती आचळ शोधत होती. पुढच्या पायांनी कास रेटत होती, त्यासरशी दूध उतरत होते. कासेच्या मागच्या बाजूला दूध जास्त, म्हणून झोंबाझोंबीही तिथेच.

या दुधात पहिल्या दिवसाचा चीक सर्वांत मोलाचा. रोगांशी लढणारी प्रतिपिंडे पिल्लाला गर्भात फार थोडी मिळतात. बाकीची चिकातून येतात. ती शोषून घेण्याची आतड्यांची ताकद साधारण २४ तासांत संपते. दुधाबरोबर जिवंत जिवाणूही पोटात जातात. स्पेनमधल्या संशोधकांनी कुत्रीच्या दुधातून लॅक्टोबॅसिलस रूटेरी, फर्मेंटम, म्युरिनस आणि अ‍ॅनिमॅलिस हे जिवाणू वेगळे केले. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा कामात आचळ निर्जंतुक करून दूध घेतात, पोषक थरावर पसरतात आणि उबेत ठेवतात. उगवलेल्या ठिपक्यांतून एकेक जिवाणू निवडतात. जठरातले आम्ल आणि पित्त सोसून जो टिकेल, आतड्याला चिकटेल, अपायकारक जंतूंना रोखेल, तोच पुढे जातो. चांगले विरजण निवडून राखावे, तसेच हे काम. निवडलेला जिवाणू वाढवून, गोठवून, सुकवून त्याची पूड करता येते. कुत्र्याच्याच शरीरातून आलेला जिवाणू कुत्र्याच्या आतड्यात चांगला रुजेल, ही त्यामागची अपेक्षा.

तांबडीपुढे कुणी भाकरी ठेवत, कुणी पिल्लांसाठी गाईचे दूध. माया खरी, पण गाईच्या दुधात दुग्धशर्करा जास्त आणि स्निग्धांश कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी. त्याने पिल्लांना हगवण लागू शकते. तोच घास आईला द्यावा, तिचे दूध पिल्लांपर्यंत पोहोचते.

जिवाणूंची पूरक पूड पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जरूर द्यावी, पण पार्व्हो या रोगाची लस किंवा जंतांचे औषध यांची जागा ती घेत नाही. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. गल्लीतले गोंडस पिल्लू घरी न्यायचे असेल, तरी तेवढे आठवडे त्याला आईपाशीच राहू द्या.