मीठ, साखर आणि पाणी
१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन अपुरे पडताच डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे द्रावण तोंडावाटे देवविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. ग्लुकोजच्या साहाय्याने आतडे मीठ शोषून घेते व त्यापाठोपाठ पाणीही शोषले जाते.

जुलाब सुरू होताच हाच उपाय घरीही करता येतो. ओआरएसचे पाकीट नसल्यास उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. द्रावण घोटघोट पाजावे. तान्ह्याचे स्तनपान थांबवू नये. डोळे खोल गेल्यास, लघवी बंद झाल्यास, ग्लानी आल्यास अथवा शौचातून रक्त पडल्यास मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे.