बऱ्हाणपूरची तिथी आणि मनगटावरचं कॅलेंडर

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. फारुकी घराण्यातला मुबारकशाहाचा मुलगा आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने स्वधर्मपालनासाठी ही मशीद बांधली, असं तो सांगतो. कालगणनेत रस असलेल्या माणसाचे पाय मात्र त्यातल्या तारखेपाशी थबकतात. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष. दशमी २३ घटी, मग एकादशी. सोमवार. कृत्तिका ३३ घटी, मग रोहिणी. शुभ योग, वणिज करण. रात्रीच्या ११ घटी गेल्या असताना, कन्या लग्नावर.

एका इमारतीसाठी एवढी काटेकोर वेळ नोंदवली असेल, तर ती तपासूनही पाहता येते. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १५ जानेवारी १५९० येतो. त्या दिवसाचं चंद्राचं वय मोजलं तर सकाळी दशमी चालू असते आणि रात्री एकादशी. घटी म्हणजे २४ मिनिटं, म्हणून ११ घटी म्हणजे सूर्यास्तानंतर ४ तास २४ मिनिटं. सूर्य तेव्हा मकर राशीत होता, त्यामुळे तो मावळताना पूर्वेला कर्क उगवत होती. सव्वाचार-साडेचार तासांत कर्क आणि सिंह वर सरून कन्या क्षितिजावर येते. लग्नही जुळतं. संवत्सराचं नाव महाराष्ट्रात आजही चालतं त्या दाक्षिणात्य गणतीचं आहे. उत्तरेच्या गणतीत त्या वर्षाला दुसरंच नाव पडतं. तापीकाठच्या या गावाचं कालगणनेतलं नातं कुणाशी होतं, तेही या एका शब्दातून कळतं.

वार तपासायला तर खगोलशास्त्र लागतच नाही. ग्रेगोरियन कॅलेंडरची ४०० वर्षं म्हणजे १,४६,०९७ दिवस, बरोबर २०,८७१ आठवडे. त्यामुळे दर ४०० वर्षांनी तेच कॅलेंडर पुन्हा येतं. घरात कुणी १९९० सालचं कालनिर्णय जपून ठेवलं असेल तर १५ जानेवारी काढून पाहा, सोमवारच सापडेल. गंमत अशी की त्याच दिवशी इंग्लंडात ५ जानेवारी होती आणि सरकारी कागदांवर सालही अजून १५८९ होतं. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला, पण इंग्लंडने ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही आणि तोवर त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. तारीख ज्याच्या-त्याच्या नियमाने बदलत होती, सोमवार मात्र सगळीकडे सोमवारच होता.

मनगटी घड्याळांच्या दुनियेत ज्याला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात, ते विकत घेण्याआधी एवढं समजून घ्यायला हवं. तारीख हा माणसाने केलेला नियम आहे आणि घड्याळ तो नियम पाठ करतं. प्रश्न एवढाच की त्याचं पाठांतर किती लांबवर जातं.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीकडे असलेल्या तारखेच्या घड्याळाचं पाठांतर सगळ्यात थोडं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली. त्यांतल्या तारखेच्या चकतीला ३१ पर्यंतचे आकडे, बस्स. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपला की चावी ओढून तारीख पुढे सारायची. वर्षातून पाच वेळा. त्याच्या वरच्या पायरीवर वार्षिक कॅलेंडर. त्याला तीस आणि एकतीसचे महिने कळतात, फेब्रुवारी कळत नाही. पाटेक फिलिप कंपनीने असं मनगटी घड्याळ १९९६ मध्ये आणलं. ते वर्षातून एकदा, मार्चच्या तोंडाशी, हाताने जुळवायचं.

लीप वर्ष ज्याला कळतं ते पर्पेच्युअल. हे ज्ञान पितळ-पोलादाच्या चाकांत कसं बसवलं, ते समजून घेण्यात खरा आनंद आहे. आत चार वर्षांत एक फेरा पूर्ण करणारी एक चकती असते. तिच्या कडेला ४८ महिन्यांसाठी ४८ जागा. एकतीसच्या महिन्याला कड सपाट, तीसच्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि चारांपैकी एका फेब्रुवारीची खाच किंचित कमी खोल. महिनाअखेरीस एक लांब दांडी या कडेला टेकते. खाच जेवढी खोल, तेवढी दांडी आत जाते आणि तेवढी तारखेची चकती जास्त पुढे ढकलली जाते. २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री ती २९, ३० आणि ३१ ओलांडून थेट १ वर येऊन थांबते. विजेचा थेंब नाही, संगणक नाही, खाचांच्या खोलीतच सगळी स्मरणशक्ती. लंडनच्या टॉमस मज याने अशी यंत्रणा अठराव्या शतकात खिशातल्या घड्याळात बसवली होती. पाटेक फिलिपने ती १९२५ मध्ये मनगटावर आणली. १९८५ मध्ये आयडब्ल्यूसी कंपनीच्या कुर्ट क्लाउस यांनी जेमतेम ऐंशीएक जादा भागांत ती अशी बसवली की सगळं कॅलेंडर एका चावीने जुळवता येतं आणि तबकडीवर चार आकडी सालही दिसतं.

पण चार वर्षांच्या चकतीला शतकाचा नियम ठाऊक नसतो. १०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही, असं वर्ष लीप नसतं. २००० लीप होतं, २१०० नसेल. रविवार, २८ फेब्रुवारी २१०० च्या मध्यरात्री जगातली बहुतेक यांत्रिक पर्पेच्युअल घड्याळं २९ तारीख दाखवतील आणि कुणाला तरी ती हाताने १ मार्चवर न्यावी लागेल. आज अंगणवाडीत जाणारी काही मुलं तो दिवस पाहतील. आयडब्ल्यूसीने २०२४ मध्ये आणलेल्या घड्याळात ४०० वर्षांत एक फेरा करणारं चाक आहे. ते २१००, २२०० आणि २३०० या तिन्ही वर्षी लीप दिवस आपणहून गाळतं. अभियांत्रिकी म्हणून ते थक्क करणारं आहे. गरज म्हणून कुणालाच नाही.

आता पुन्हा बऱ्हाणपुरात येऊ, कारण नियमाने चालणारं आणि आकाश पाहून चालणारं कॅलेंडर यांतला फरक या गावात रोजच्या जगण्यात दिसतो. इथे दर्गा-ए-हकीमी आहे, दाऊदी बोहरांचं मोठं श्रद्धास्थान. बोहरा समाज मिस्री कॅलेंडर पाळतो. त्यात चंद्रदर्शनाची वाट पाहत नाहीत. महिने आलटून-पालटून ३० आणि २९ दिवसांचे, आणि ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षी शेवटच्या महिन्याला एक दिवस जास्त. ३० वर्षांचे एकूण दिवस १०,६३१ होतात. चंद्राच्या ३६० सरासरी महिन्यांचे दिवसही १०,६३१ आणि वर एक किरकोळ अपूर्णांक. एक दिवसाची चूक पडायला सुमारे अडीच हजार वर्षं लागतील. फातिमी काळापासून चालत आलेला हा नियम चाकांत बसवण्याजोगा आहे, आणि बसवलाही गेला आहे. पार्मिजियानी फ्लरिए या स्विस कंपनीने २०२० मध्ये ३० वर्षांच्या चक्रावर चालणारं हिजरी पर्पेच्युअल कॅलेंडर मनगटी घड्याळात दिलं. गावातले बाकीचे मुसलमान मात्र चंद्र दिसला की महिना सुरू करतात. म्हणून एकाच गावात ईद एक-दोन दिवसांच्या फरकाने येते. जे पाहण्यावर अवलंबून आहे ते चाकांना आधी सांगता येत नाही.

पंचांगाचं दुखणं आणखी वेगळं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. पण चंद्र एका गतीने चालत नाही. पृथ्वीच्या जवळ असताना तो झपाट्याने सरकतो, दूर असताना रेंगाळतो. म्हणून तिथी कधी १९ तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. यातूनच क्षयतिथी आणि वृद्धितिथी होतात. सारख्या वेगाने फिरणाऱ्या चाकाला हे जमत नाही. अधिक महिनाही सूर्याने राशी ओलांडली की नाही यावर ठरतो. आणखी एक पेच खास महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरचा. बऱ्हाणपूरच्या मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात दोन्ही घरांत महिन्याचं नावच वेगळं असतं. मशिदीतला लेख शुद्ध पक्षातला आहे, म्हणून तिथे हा घोळ उद्भवत नाही.

घड्याळाच्या तबकडीवरच्या चंद्राकडून म्हणूनच तिथीची अपेक्षा ठेवू नये. साध्या चंद्रकलेच्या चकतीला ५९ दाते असतात. ती महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरते. खरा सरासरी महिना त्याहून ४४ मिनिटांनी मोठा, त्यामुळे दोन वर्षं साडेसात महिन्यांत चंद्र एक दिवसाने चुकतो. १३५ दात्यांच्या चाकात ही चूक १२२ वर्षांवर जाते. दोन्ही चंद्र सरासरी गतीचेच.

खिसा पाहून निवड करायची तर सुरुवात अगदी खालून करावी. दोन हजारांच्या आत मिळणारं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे उत्तम घड्याळ आहे, पण त्याला साल माहीत नाही. ते फेब्रुवारी नेहमी २८ दिवसांचा धरतं, म्हणजे चार वर्षांतून एकदा चुकतं. मला ही चूक अगदीच क्षम्य वाटते. त्याहून थोडे पैसे घातले की त्याच कंपनीची, २०९९ पर्यंतचं पूर्ण कॅलेंडर असलेली डिजिटल घड्याळं मिळतात, उदाहरणार्थ एई-१२००. माहितीपुस्तिकेतलं शेवटचं साल तेवढं वाचून घ्यावं. जी-शॉकच्या जुन्या डीडब्ल्यू-५६००ई चं कॅलेंडर २०३९ लाच संपतं. तारीख बरोबर असावी एवढीच गरज असेल तर ती इथेच भागते, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. याच्या पुढे मोजलेला प्रत्येक रुपया तारखेच्या अचूकतेसाठी नसून रूपासाठी आणि कारागिरीसाठी असतो.

काट्यांचंच घड्याळ हवं असेल तर दहा हजारांच्या वरच्या टप्प्यात सिटिझनची प्रकाशावर चालणारी पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळं येतात. सेल बदलायची कटकट नाही आणि तारीख फेब्रुवारी २१०० पर्यंत बिनचूक. निवृत्तीची किंवा लग्नाची भेट म्हणून यांहून शहाणी निवड सुचत नाही. सेकंडहँड बाजारात सेइकोची जुनी ८एफ यंत्रणेची घड्याळंही दिसतात. साध्या क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, यांचा १,९६,६०८ वेळा, म्हणून ती वर्षाला २० सेकंदांच्या आतबाहेर राहतात. मात्र सेल बदलल्यावर त्यांचं आतलं कॅलेंडर पुन्हा जुळवावं लागतं आणि ते प्रत्येक घड्याळजीला येत नाही. आधी विचारून घ्यावं. रेडिओ लहरींवरून वेळ जुळवणाऱ्या घड्याळासाठी बऱ्हाणपुरात जादा पैसे मोजू नयेत. कॅसिओची घड्याळं ज्या केंद्रांचा संकेत पकडतात ती जपान, चीन, अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीत आहेत. त्यांचा संकेत तापीच्या खोऱ्यात भरवशाने पोचत नाही.

लाखांच्या पायरीवर यांत्रिक घड्याळं सुरू होतात. फ्रेडरिक कॉन्स्टंटने २०१६ मध्ये स्वतःच्या कारखान्यातलं पर्पेच्युअल कॅलेंडर दहा हजार डॉलरच्या आत आणलं, तेव्हा या क्षेत्रात ती मोठी घटना होती. आयडब्ल्यूसी त्याच्या कितीतरी वर आणि पाटेक फिलिप आणखी वर. ही घड्याळं घेणाऱ्याला एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. यांत्रिक पर्पेच्युअल कॅलेंडर चालू आहे तोवरच पर्पेच्युअल. चावी न देता महिनाभर कपाटात ठेवलं तर तारीख, वार, महिना आणि चंद्र सगळंच मागे पडतं. मग ते पुन्हा जुळवत बसा, तेही दिवसा. रात्री साधारण आठपासून पहाटे चारपर्यंत दांडी खाचेकडे सरकत असते. तेव्हा बळ लावलं तर दाते मोडतात आणि दुरुस्तीसाठी घड्याळ बहुधा कंपनीकडेच पाठवावं लागतं. क्लाउस यांच्या रचनेत आणखी एक अट आहे. कॅलेंडर पुढेच जातं, मागे येत नाही. चुकून आठवडाभर पुढे गेलं तर घड्याळ थांबवून आठवडा सरण्याची वाट पाहायची. हा सगळा सोस करण्याइतकं प्रेम त्या खाचांवर असेल तर जरूर घ्यावं. ते प्रेम मला पूर्ण समजतं.

जुनं यांत्रिक घड्याळ घेताना त्यामुळेच स्वतः चावी फिरवून परीक्षा घेऊ नये. विक्रेत्याकडून लीप वर्षाची खूण, महिना आणि तारीख एकमेकांशी जुळतात का एवढं पाहावं आणि सर्व्हिसिंगचा कागद मागावा. डिजिटलची परीक्षा दुकानाच्या काउंटरवरच होते. २८ फेब्रुवारी २०२८, रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं अशी वेळ लावायची आणि मिनिटभर थांबायचं. २९ आली तर त्याला लीप वर्ष कळतं. साल लावायची सोयच सापडली नाही, तर ते एफ-९१डब्ल्यूच्या जातीचं आहे असं समजून त्याच भावाने घ्यावं.