क्लास आहे, पण दिसत नाही
प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर टेस्ट हिरवी आणि बिल्ड सर्व्हरवर लाल, तेही कोडचं एक अक्षर न बदलता. हे ऐकून राहवेना, म्हणून हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंग सांभाळणाऱ्या मॅडमच्या शेजारी जाऊन बसले.

लाल ओळीत लिहिलं होतं ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ आणि पुढे हॅमक्रेस्ट या टेस्टसाठीच्या जावा लायब्ररीतल्या एका क्लासचं नाव. नवा मुलगा वैतागला, “मॅडम, जार तर फोल्डरमध्येच आहे!”

“असणारच. दहांतल्या नऊ वेळा क्लास असतो, वाट नसते.”

त्यांचं सॉफ्टवेअर ओएसजीआयवर, म्हणजे जावा प्रोग्राम बंडल नावाच्या तुकड्यांत बांधायच्या पद्धतीवर, उभं आहे. 2004 मध्ये आलेल्या इक्लिप्स 3.0 या कोड लिहायच्या साधनाचा पायाही तोच. इथे प्रत्येक बंडलला स्वतःचा क्लासलोडर असतो. देणाऱ्यानं मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे बंडलच्या माहितीच्या फाइलमध्ये, पॅकेज एक्स्पोर्ट करायचं, घेणाऱ्यानं इम्पोर्ट करायचं. नाहीतर शेजारच्या बंडलमधला क्लासही दिसत नाही. लॅपटॉपवर टेस्ट साध्या जेयुनिटनं चालली होती, सगळ्या जार एकाच क्लासपाथवर. सर्व्हरवर ती ओएसजीआयच्या आत चालली. इम्पोर्ट लिहून पॅकेज मिळालं नसतं, तर बंडल सुरूच झालं नसतं आणि चूक लगेच कळली असती. इथे इम्पोर्ट लिहिलाच नव्हता, म्हणून बंडल मुकाट्यानं उठलं आणि ऐन टेस्टमध्ये पडलं.

मला आठवत राहतो तो मॅडमचा हात. लाल ओळ दिसताच तो लॉगमध्ये वर जाई, आणखी वर, पहिल्या तक्रारीपर्यंत. कारण याच एररचा दुसरा अवतार फसवा: क्लास सापडलेला असतो, पण त्याचा स्टॅटिक ब्लॉक आधीच कोसळलेला असतो. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत खरं कारण तेव्हाच, एकदाच छापलं जातं. नंतर नुसतं ‘क्लास सुरू करता आला नाही’ एवढंच. तळाची ओळ वाचून मॅनिफेस्ट उपसत बसणाऱ्याची दुपार फुकट जाते.

मुलानं उपाय सुचवला: डायनॅमिकइम्पोर्ट-पॅकेज, पुढे चांदणी (*). म्हणजे एक्स्पोर्ट झालेलं कुठलंही पॅकेज, कुठूनही. मॅडमनी मान हलवली. “आज हिरवं होईल. गिऱ्हाईकाकडे हवं ते बंडल नसलं की तिथे पडेल.” त्यांनी हॅमक्रेस्टचा एकच इम्पोर्ट लिहिला, बिल्ड पुन्हा चालवला. हिरवा.

दहांतल्या नऊ वेळा एवढंच पुरतं. पण ती एक ओळ नेमकी शोधायला जो धीर लागतो, तो मला या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटला. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये अशी चांदणी असेल तर ती काढा, टेस्ट चालवा आणि काय काय पडतं ते एकदा बघा.