जेट बोटीतील गळती : शोध आणि दुरुस्ती

शिक्रापूर हे वेळ नदीच्या काठचे गाव. भीमाही तेथून फार दूर नाही. शिरूर व दौंड तालुक्यांतील नदीकाठच्या ग्रामस्थांना भीमा, घोड आणि मुळा-मुठेचा पूर परिचयाचा आहे, आणि दौंडच्या पूर्वेस १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा पसरला आहे. याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. तो अपघात वाऱ्याने झाला हे खरे. परंतु पोटात पाणी साचलेली नौका अशा वाऱ्यापुढे अधिकच असहाय ठरते. नौका किंचित कलली की आतील सारे पाणी त्याच बाजूस धावते आणि कल वाढवते. म्हणून गळतीकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे योग्य नव्हे.

गळतीचा वेग किती असतो? पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर व्यासाचे छिद्र असल्यास दर मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी आत येते. तासाभरात हा भार ४०० किलोग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे सहा प्रौढ माणसे न बोलावता नौकेत येऊन बसल्यासारखेच.

जेट बोटीची रचना साध्या मोटारबोटीहून निराळी असते. तळाखाली फिरणारा पंखा तिला नाही. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते व इम्पेलर ते मागील तोंडातून जोराने बाहेर फेकतो. न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात उथळ नद्यांसाठी ही नौका विकसित केली, आणि १९७७ साली सर एडमंड हिलरी अशाच नौकांतून गंगासागरहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे गेले. उथळ पाण्यात चालणे आणि पाण्यातील माणसाला पात्याची इजा न होणे हे तिचे गुण. मात्र जलपर्णी, उसाचे पाचट आणि वाळू हे तिचे वैरी होत.

नदीकाठच्या शेतकऱ्यास हे यंत्र परके वाटू नये. उपसा पंपाचेच हे भावंड आहे आणि त्याची दुखणीही तीच. दांडा जेथे नौकेच्या आत येतो तेथील सील हे गळतीचे पहिले ठिकाण. वाळूने ते झिजते. वर्षातील बहुतेक दिवस नौका कोरड्यावर उभी राहिली तर त्याचे रबर कडक होते. काही जुन्या यंत्रांत सीलऐवजी ग्लँड दोरी असते. दांडा फिरत असताना तिच्यातून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे. त्याच पाण्याने दांडा थंड राहतो. गळती पूर्ण थांबावी म्हणून ग्लँड आवळत गेल्यास दांडा तापून खराब होतो. आधुनिक सीलमधून मात्र पाणी येता कामा नये.

शोधाची सुरुवात एका प्रश्नाने करावी : पाणी केव्हा येते? नौका स्थिर असतानाही येत असेल तर मागील बूच, पंप तळाला जोडणारे गॅस्केट, दांड्याचे सील आणि तळावरील भेगा यांची तपासणी करावी. केवळ इंजिन चालू असताना येत असेल तर संशय थंडाव्याच्या रबरी नळ्यांवर, त्यांच्या क्लॅम्पवर आणि पंपाच्या तपासणी-झाकणावर जातो. इंजिनाला थंड करणारे पाणी पंपातूनच दाबाने येते. फाटलेली नळी नौका थोड्याच वेळात भरते.

नंतर नौका काठावर घेऊन आतून पूर्ण पुसावी आणि संशयित जोडांवर खडूची पूड पसरावी. ओलाव्याची रेघ पुडीत स्पष्ट उमटते. दुसरी रीत म्हणजे बूच लावून आत थोडे पाणी ओतणे व बाहेरून थेंब कोठे पडतो ते पाहणे. पाण्याचे वजन तळाला पेलले पाहिजे, म्हणून खालून भक्कम आधार द्यावा. काही सील एकाच दिशेने पाणी अडवतात, त्यामुळे या चाचणीवर संपूर्ण विसंबू नये. काठावर नळाचे पाणी जोडून इंजिन चालवायचे झाल्यास आधी इंजिन सुरू करावे व मग नळ उघडावा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. हा क्रम चुकल्यास पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरू शकते.

दुरुस्ती बहुधा स्वस्तातच होते. गॅस्केट, रबरी कडी आणि नळी बदलावी. जुन्यावर लेप थापून काम भागवू नये. फायबरच्या तळावरील भेग पूर्ण वाळवून, कडा उतरत्या घासून, रेझिन व फायबरच्या चटईने भरावी. ओल्या फायबरवर लावलेला थर टिकत नाही. अॅल्युमिनियमच्या पत्र्यात भेगेच्या टोकाशी लहान छिद्र पाडल्याशिवाय वेल्डिंग करू नये, अन्यथा भेग पुढे सरकते.

हे सारे काम मे महिन्यातच उरकावे. दुरुस्तीनंतर नौका शांत पाण्यात तासभर नुसती उभी ठेवावी, मग दहा मिनिटे चालवावी आणि दोन्ही वेळा आत आलेले पाणी स्पंजने टिपून बादलीत मोजून नोंदवहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी तोच आकडा ताडून पाहता येतो.