दगडाची वंशावळ

ऑक्टोबर २०२०मध्ये बीजिंगच्या पॉली लिलावगृहात एक चित्र सुमारे ५१ कोटी युआनला विकले गेले. चित्रात ना देव, ना राजा, ना डोंगरदरी. आहे तो एकच दगड, दहा बाजूंनी पाहिलेला. चित्रकार वू बिन, साल १६१०. मिंग दरबारातला एक अधिकारी, मि वानझोंग, याच्या संग्रहातला हा लिंगबीचा (आन्ह्वेई प्रांतातला) दगड त्याने इतक्या बारकाईने रंगवला की प्रत्येक दृश्यात तो ज्वाळेसारखा वर उसळताना दिसतो. हेच चित्र १९८९मध्ये न्यूयॉर्कला सुमारे १२ लाख डॉलरना गेले होते. ज्याचे हे चित्र, तो दगड मात्र कुठे गेला याचा पत्ता नाही.

चिनी पंडितांच्या दगडांचा आढावा घ्यायला बसले की एक विसंगती आधी समोर येते. तसा चुनखडीचा कुठलाही तुकडा कोट्यवधी वर्षांचाच असतो. मग लिलावाच्या यादीत 'मिंग काळातला', 'छिंग काळातला' असे लिहितात ते कशाच्या जोरावर? तर तो दगड कुणाच्या बैठकीत, कुणाच्या मेजावर कधी येऊन बसला, त्यावरून. संग्राहक पैसे मोजतो ते त्या सोबतीच्या पिढ्यांसाठी, आणि या छंदातली सगळी गंमत आणि सगळी लबाडीही तिथूनच सुरू होते.

या वेडाची ठसठशीत नोंद थांग राजवटीत सापडते. कवी बाय जूयी ८२५च्या सुमारास सूचौचा अधिकारी होता. जवळच्या ताय-हू सरोवरातल्या, लाटांनी पोखरलेल्या दगडांचा त्याला नाद लागला. ८४३मध्ये त्याने आपला स्नेही न्यू सेंगरू याच्या संग्रहावर एक निबंध लिहिला. हा न्यू प्रधानपदावर राहिलेला, साधे राहणारा माणूस. घरात मौल्यवान चीजवस्तू नाही. फक्त दगडांच्या बाबतीत त्याचा संकोच गळून पडे. हाताखालचे अधिकारी दूरदूरच्या प्रांतांतून दगड पाठवत आणि तो ठेवून घेई. (लाचेचा हा प्रकार आपल्याकडे अजून कुणाला सुचलेला दिसत नाही.) न्यूने दगडांच्या चार श्रेणी लावल्या, प्रत्येकीत उत्तम, मध्यम, कनिष्ठ असे तीन भाग पाडले आणि ती प्रतवारी दगडाच्या पाठीवर कोरून ठेवली. त्याचा राजकारणातला हाडवैरी ली दयू. दोघांचे एकमत असलेली गोष्ट बहुधा दगड ही एकच. लीने लुओयांगजवळच्या आपल्या बागेविषयी वारसांना बजावून ठेवले होते की ही बाग विकणारा माझ्या वंशाचा नव्हे. ली स्वतः हैनान बेटावर हद्दपारीत मेला. त्याचे दगडही पुढे विखुरले.

पुढच्या सोंग काळात या नादाला शास्त्र मिळाले आणि वेडेपणाही. मि फू (१०५१-११०७) हा अव्वल दर्जाचा सुलेखनकार. वूवेई इथे नोकरीवर रुजू झाल्यावर सरकारी आवारात त्याला एक विचित्र दगड दिसला. त्याने दरबारी पोशाख मागवला, हातात मानाची पट्टी घेतली आणि दगडाला 'दादा' म्हणून नमस्कार घातला. वरिष्ठांकडे तक्रार गेली, लोक हसले, आणि पुढची नऊशे वर्षे चित्रकारांना एक हक्काचा विषय मिळाला. त्याची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. लिंगबीच्या जवळच नेमणूक असताना तो दगडांत इतका गुंतला की कचेरीचे काम तुंबले. यांग जिए नावाचा तपासनीस खडसावायला आला. मि फूने बाहीतून एक दगड काढून दाखवला. यांग ढिम्म. दुसरा काढला, तरी ढिम्म. तिसरा अप्रतिम होता. तो पाहताच यांगने दगड हिसकावला आणि तडक गाडीत जाऊन बसला.

दगड पारखण्याच्या चार कसोट्या याच मि फूच्या नावावर सांगतात. दगड कृश हवा, म्हणजे खाली बारीक आणि ताठ उभा. अंगावर सुरकुत्या हव्यात. वरून ओतलेले पाणी खाली झिरपेल अशा वाटा हव्यात. आणि आरपार दिसेल अशी भोके हवीत. पाचवी कसोटी सू शी या महाकवीची: दगड कुरूप असावा. अठराव्या शतकातला चित्रकार झेंग बानचियाओ याने मि फूपेक्षा सू शीचे पारडे जड ठरवले आणि मलाही ते पटते. पहिल्या चार कसोट्या मोजपट्टीने लावता येतात, कारागिराला छिन्नीने त्या पुऱ्याही करता येतात. कुरूपतेतला डौल मात्र ओळखावाच लागतो. सू शीला हे नुकसान सोसून कळले असणार. १०९४मध्ये हद्दपारीच्या वाटेवर हूकौ इथे त्याला नऊ शिखरांचा एक दगड दिसला. तेव्हा तो घेता आला नाही. सात वर्षांनी परतला, तर दगड दुसऱ्याने नेला होता.

हा छंद कवींपुरता राहिला असता तर निरुपद्रवी ठरला असता. पण सोंग सम्राट हुइझोंग हा स्वतः चित्रकार, त्याने रंगवलेला एक दगड बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आजही आहे. त्याला राजधानी काइफेंगमध्ये गेन्यूए नावाचा कृत्रिम डोंगर उभारायचा होता. सम्राटाच्या बागांसाठी ११०५मध्येच झू म्येन या माणसाला सूचौला बसवले होते. दक्षिणेतून फुलझाडे आणि दगड वाहून नेणाऱ्या नावांचे तांडे सुरू झाले. कुणाच्या अंगणात चांगला दगड दिसला की सरकारी माणसे त्यावर पिवळे कापड टाकत. दगड सम्राटाचा, तो नेताना भिंत पडली तर ती घरमालकाची. ताय-हूचा एक दगड चार झांग, म्हणजे सुमारे चाळीस फूट उंच होता. त्याच्यासाठी हजारो मजूर लावले, वाटेतले पूल आणि पाणदरवाजे पाडले, शहरांचे तट फोडले. वाहतुकीची युक्ती मात्र दाद देण्यासारखी. भोके चिकणमातीने भरायची, वरून ताग मिसळलेल्या मातीचा थर देऊन गोळा करायचा, उन्हात कडक वाळवायचा आणि मग हलवायचा. मुक्कामी पोचल्यावर पाण्यात सोडला की माती विरघळून दगड सुखरूप बाहेर. ११२०मध्ये फांग ला याने बंड पुकारले. त्यामागे या दगडांच्या जुलमाचा मोठा वाटा होता. ११२७मध्ये राजधानी जुरचेन आक्रमकांच्या हाती गेली. वेढ्याच्या दिवसांत गेन्यूएचे दगड फोडून ते शत्रूवर फेकायला वापरले गेले.

या पडझडीच्या आसपासच दू वान नावाच्या संग्राहकाने 'युनलिन शिपू' ही दगडांची सूची लिहिली. त्यात ११६ प्रकार आहेत. माझ्या मते या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक पुस्तक तेच, कारण ते हात लावून लिहिले आहे. दगड मिळतो कुठे, रंग काय, पोत कसा, वाजवला तर आवाज येतो का, हे सारे तो सांगतो. लिंगबीचा काळा दगड आन्ह्वेई प्रांतात लाल मातीखालून खणून काढतात. लोखंडी पात्याने दोनतीनदा खरवडायचा, मग खराट्याने चिनी मातीची पूड चोळून घासायचा. टिचकी मारली की तो घंटेसारखा खणखणतो. पण चारही बाजूंनी देखणा असा शंभरात एखादा. म्हणूनच वू बिनने एका दगडाला दहा चेहरे दिले यात त्याच्या मालकाची केवढी फुशारकी होती, ते लक्षात येते. ताय-हूच्या दगडाबद्दल दू वान आणखी एक गोष्ट सहज सांगून जातो. पाणबुडे छिन्नी-हातोडा घेऊन उतरतात, दगड कापून दोरांनी वर ओढतात. आकार जरा कमी पडला तर तो कोरून नीट करतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. काही काळाने लाटा छिन्नीच्या खुणा पुसतात.

म्हणजे 'निसर्गनिर्मित' दगडाला माणसाचा हात लागल्याचे नऊशे वर्षांपूर्वीच लेखी उघड होते. तरीही संग्राहक अजून शपथेवर सांगतात की आमच्या दगडाला छिन्नी लागलेली नाही. मला हा आग्रह बालिश वाटतो. पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड चुनखडी खातो, लाटा ती घासतात, कारागीर एखादे भोक वाढवतो, आणि नंतर शेदोनशे वर्षे माणसांचे हात तिच्यावरून फिरत राहतात. या चौघांतला कुणाचा वाटा किती, हे सांगणे हीच खरी पारख आहे.

सगळे दगड बागेतले नव्हते. सूचौच्या ल्यू युआन बागेतला क्वानयुन सुळका साडेसहा मीटरचा आहे, तर मेजावरचा दगड ओंजळीत मावेल इतकाही असतो. कुणी त्यावर कुंचला टेकवत, कुणी त्यात शाई घोटत, कुणी मागे उदबत्ती ठेवून भोकांतून निघणारा धूर डोंगरातल्या ढगांसारखा पाहत. अशा दगडाला लाकडी बैठक लागते. मुळांसारखी कोरलेली ही बैठक नेमक्या त्याच दगडाच्या तळाला बसेल अशी खोदलेली असते. तिच्या लाकडावरून आणि कोरीवकामाच्या धाटणीवरून काळ ठरवता येतो. दगडापेक्षा त्याचे आसन जास्त बोलते ते असे. अर्थात बैठक मोडते, बदलली जाते. जुन्या दगडाखाली नवी, नव्याखाली जुनी, असे जोडे लावणारेही कमी नाहीत.

मि वानझोंगकडे परत जाऊ. तो स्वतःला मि फूचा वंशज म्हणवत असे. बीजिंगजवळच्या डोंगरात त्याला आठ मीटर लांबीचा एक प्रचंड दगड सापडला. तो घरच्या बागेपर्यंत आणायला त्याने पैसा ओतला आणि दगड वाटेतच राहिला. लोकांनी त्या दगडाला 'घरबुडव्या' म्हटले. पुढे अठराव्या शतकात सम्राट छ्येनलोंगने तो उचलून नेला. आत शिरेना म्हणून दारभिंत फोडावी लागली असे सांगतात. आज तो बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात लशौ दालनाच्या अंगणात पसरलेला आहे. त्याच्यासमोर पर्यटक फोटो काढतात. मि वानझोंगचे नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

मराठी वाचकाला अनघड दगडाचे नवल नाही. शेंदूर फासलेला तांदळा आणि देवघरातला शाळिग्राम आपल्याला परके नाहीत. पण तिथे दगडात देव असतो. चिनी पंडिताला दगडात डोंगर दिसे, आणि मित्र. आपला सह्याद्री बेसाल्टचा. तो पाण्याने असा जाळीदार होत नाही. त्यात वायू अडकून पोकळ्या राहिल्या आणि मागाहून तिथे झिओलाइटचे स्फटिक जमले. पुणे-जळगावच्या खाणींतले हे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहताही येतात. तो छंद मात्र वेगळ्या जातीचा. स्फटिकाला हाताळणी नकोच असते, कड जितकी कोरी तितकी किंमत चढी.

पश्चिमेत हे दगड उशिरा पोचले. न्यूयॉर्कच्या चायना इन्स्टिट्यूटमध्ये जॉन हे यांनी १९८५मध्ये प्रदर्शन मांडले. शिल्पकार रिचर्ड रोझेनब्लम यांनी मोठा संग्रह जमवला. १९९७मध्ये हार्वर्डने तो मांडला आणि रॉबर्ट मॉवरी यांनी त्याची विस्तृत सूची केली. शिल्पकाराच्या नजरेला हे दगड आधुनिक शिल्पांसारखे भासले, हे साहजिक आहे. त्याने बाजार वाढला, आणि बाजाराबरोबर आम्लाचे पिंपही. आम्लात बुडवलेल्या चुनखडीला भोके पटकन पडतात, पण पृष्ठभाग सगळीकडे सारखाच निस्तेज दिसतो. मग मेण आणि काळा रंग लावतात. खऱ्या जुन्या दगडाची झळाळी हात पोचतो तिथे जास्त आणि खोबणीत कमी असते. सू शी किंवा मि फू यांचे नाव कोरलेले असेल, तर खरेदीदाराने हात आखडलेलाच बरा. अशी नावे मागाहून कोरण्याची चाल जुनी आहे. तळ करवतीने सपाट केला आहे का, भोकाच्या कडा एकसारख्या गोल आहेत का, हेही पाहावे. आणि जुन्या मालकांची यादी मागावी. ती लेखी असेल तर उत्तम. जुन्या चित्रात किंवा छायाचित्रात तोच दगड सापडला तर मग भाव विचारायची सोय नाही.

या सगळ्या वादातून सुटका करून घेतली ती बीजिंगच्या झान वांग या शिल्पकाराने. १९९५पासून तो खऱ्या दगडावर स्टेनलेस स्टीलचे पत्रे ठोकून त्याचा आकार उचलतो, पत्रे सोडवतो, सांधतो आणि आरशासारखे घासतो. काचेच्या नव्या इमारतींपुढे जुने दगड विजोड दिसतात, या जाणिवेतून हे काम निघाले. त्याच्या पोकळ दगडात आजूबाजूचे शहर वाकडेतिकडे उमटते, आणि कृती कोणत्या सालची हे विचारले तर उत्तर तात्काळ मिळते.