थोडी घेतली तर औषध?

“जास्त पिऊ नये हे खरं. पण थोडी घेतली तर ती औषधच की!” असे बोलणे आपण पुष्कळदा ऐकतो. पारावर ऐकतो, लग्नाच्या मांडवामागे ऐकतो, गिरणीच्या फाटकावर ऐकतो. बोलणारा माणूस दारुडाच असतो असे नाही. तो चांगला संसारी माणूस असतो. कोणी थंडीसाठी घेतो, कोणी झोपेसाठी, कोणी अंग दुखते म्हणून. काही घरांत तर तान्ह्या मुलाला सर्दी झाली की ब्रँडीचे दोन थेंब चाटवतात. बाळंतिणीलाही पाजतात.

ही समजूत फक्त अडाणी माणसांची, असे समजू नका. शिकलेले लोकही तसेच म्हणत आले. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. त्या कायद्यातही प्रकृतीच्या कारणासाठी दारूचा परवाना देण्याची सोय ठेवली होती. म्हणजे दारू प्रकृतीला लागते, ही गोष्ट सरकारी कागदावरसुद्धा चढली!

मग खरे काय? थोडी दारू औषध आहे की नाही? शास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षे या प्रश्नाच्या मागे होते. त्यांनी तो कसा सोडवला, ते आम्ही येथे सांगणार आहोत. हकीकत मोठी आहे, पण अवघड नाही.

पोटात गेल्यावर काय होते?

दारू मोहाची असो, गुळाची असो, की विलायती बाटलीतली असो. नशा आणणारा पदार्थ सगळ्यांत एकच. त्याला अल्कोहोल म्हणतात. नाव, रंग आणि किंमत वेगळी असते. अल्कोहोल तेच.

हे अल्कोहोल पोटातून आणि आतड्यातून रक्तात जाते. रक्ताबरोबर ते मेंदूत जाते, म्हणून जीभ सैल होते आणि पाय लटपटतात. शरीराला ते बाहेर घालवावे लागते. हे काम मुख्यतः यकृत करते. यकृत आपल्या उजव्या बरगडीखाली असते.

यकृत हे काम दोन पायऱ्यांनी करते. पहिल्या पायरीला अल्कोहोलपासून एक दुसरा पदार्थ तयार होतो. त्याचे नाव ॲसिटाल्डिहाइड. नाव लांब आहे, पाठ केले नाही तरी चालेल. पण एक ध्यानात धरा. हा पदार्थ विषारी आहे. दुसऱ्या पायरीला यकृत त्या विषाचे साध्या, निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. या दोन पायऱ्या ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

एका लहान पेगाचे अल्कोहोल निपटायला यकृताला सुमारे एक तास लागतो. लिंबू चोखा, कॉफी प्या, नाहीतर थंड पाण्याने आंघोळ करा. यकृताला घाई होत नाही.

आता पाटी घ्या आणि एक हिशेब मांडा. व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. म्हणजे १०० मिलिलिटर दारूत ४२.८ मिलिलिटर अल्कोहोल. लहान पेग ३० मिलिलिटरचा. त्यात सुमारे १३ मिलिलिटर अल्कोहोल आले. आता बिअर पाहा. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. अल्कोहोल ५ टक्के असेल तर बाटलीत साडेबत्तीस मिलिलिटर झाले. म्हणजे अडीच लहान पेग! बिअर कडक असेल, ८ टक्क्यांची असेल, तर ५२ मिलिलिटर, म्हणजे चार लहान पेग. “मी दारू पीत नाही, बिअर पितो,” असे म्हणणाऱ्याला हा हिशेब अवश्य दाखवा.

थंडीचे काय? दारू प्यायल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात. गरम रक्त कातडीजवळ येते, म्हणून ऊब वाटते. पण तीच ऊब बाहेर निघून जाते आणि आतले शरीर गार पडते. घराची दारे-खिडक्या उघडून चूल पेटवावी, तशातली ही गत आहे.

जुना हिशेब कुठे चुकला?

अमेरिकेत बाल्टिमोर नावाचे शहर आहे. तिथे रेमंड पर्ल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी पुष्कळ माणसांची माहिती जमवली. कोण पितो, कोण पीत नाही, कोण किती वर्षे जगला, असा हिशेब मांडला. १९२६ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढले. खूप पिणारे लवकर मरतात असे त्यात दिसले. त्यात नवल नाही. पण आणखीही एक गोष्ट दिसली. बेताची पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत, उलट थोडे जास्तच जगतात!

पुढे दुसऱ्या देशांतही असे हिशेब झाले. पुष्कळांचे उत्तर तसेच आले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. दारू विकणाऱ्यांना तर पर्वणीच झाली.

पण काही शास्त्रज्ञांना शंका आली. इंग्लंडमधले जेराल्ड शेपर हे त्यांपैकी एक. ब्रिटनमधल्या २४ गावांतल्या ७,७३५ पुरुषांची ते तपासणी करीत होते. सगळे चाळीस ते एकोणसाठ वर्षांचे. शेपर यांनी साधा प्रश्न विचारला. हे ‘न पिणारे’ लोक आहेत तरी कोण?

पाहतात तो काय! न पिणाऱ्यांत पुष्कळ जण असे निघाले की, ते पूर्वी पीत होते. आजार जडला म्हणून त्यांनी दारू सोडली होती. म्हणजे आजारी माणसे पिणाऱ्यांच्या यादीतून निघून न पिणाऱ्यांच्या यादीत आली होती. मग ती यादी रोगट दिसणार नाही तर काय होईल? १९८८ साली शेपर यांनी ही गोष्ट जाहीर केली.

आपल्या शेतातला दाखला घ्या. गोठ्यात काही बैल जुवाखालचे, काही बिनजुवाचे. बिनजुवाच्या बैलांत म्हातारे, लंगडे, आजारी बैलही आले. जुवाखालचे बैल तेवढे धट्टेकट्टे. हे पाहून कोणी म्हणाले, “जू मानेवर ठेवल्याने बैल धट्टाकट्टा होतो,” तर आपण हसू. धट्टाकट्टा म्हणून त्याला जू दिले. जू दिले म्हणून तो धट्टाकट्टा झाला नाही.

आणखीही एक भानगड होती. तिकडच्या देशांत बेताची पिणारे लोक बहुधा सुस्थितीतले. त्यांना चांगले अन्न, चांगले घर, वेळेवर डॉक्टर. त्यांचे आयुष्य वाढले ते यामुळे, आणि वाहवा मिळाली दारूला!

मग सरळ प्रयोगच का करू नये? अर्ध्या माणसांना रोज एक पेग द्यावा, अर्ध्यांना देऊ नये, आणि काही वर्षे पाहावे. अमेरिकेत असा प्रयोग सुरू झाला होता. पण त्याचा बराचसा पैसा दारूच्या कंपन्यांकडून येणार होता, आणि तो पैसा अधिकाऱ्यांनीच मागितला होता, असे उघडकीला आले. २०१८ साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने तो प्रयोग बंद केला. ज्याचे दुकान त्यालाच वजनकाटा दिला, तर माप कसे पडेल ते सांगायला नको.

निसर्गाने केलेली वाटणी

आता मघाच्या दोन पायऱ्या आठवा. चीन, जपान, कोरिया या देशांत पुष्कळ माणसांची दुसरी पायरी जन्मतःच लंगडी असते. आईबापांकडून जसे नाक-डोळे येतात, तशीच ही गोष्ट रक्तातून येते. अशा माणसाने दारू घेतली की ते विष अंगात साठते. तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, मळमळते. मग तो आपोआप दारूपासून दूर राहतो, किंवा फार थोडी पितो.

यात गंमत काय आहे पाहा. कोण जास्त पिणार आणि कोण कमी, याच्या चिठ्ठ्या निसर्गाने जन्माच्या वेळीच टाकल्या. ही वाटणी पैशावर नाही, शिक्षणावर नाही, आजारावरही नाही. शास्त्रज्ञांना जी वाटणी करता येत नव्हती, ती निसर्गाने आयती करून ठेवली होती.

चीनमधल्या आणि इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी याचा उपयोग केला. २००४ ते २००८ या काळात त्यांनी चीनच्या दहा भागांतल्या ५ लाखांहून अधिक माणसांची नोंद केली. सुमारे दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. १ लाख ६० हजार जणांच्या रक्तातला हा जन्मजात गुण तपासला. २०१९ साली उत्तर जाहीर केले.

आधी त्यांनी जुन्या पद्धतीने, म्हणजे नुसते विचारून, हिशेब मांडला. तेव्हा बेताची पिणाऱ्यांना पक्षाघात कमी होतो असेच दिसले. पक्षाघात म्हणजे ज्याला आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो तो. मग त्याच माणसांचा हिशेब जन्मजात गुणावरून मांडला. तेव्हा तो फायदा नाहीसा झाला! जितकी दारू जास्त, तितका रक्तदाब जास्त आणि तितका पक्षाघात जास्त. रोज चार लहान पेग वाढले की पक्षाघाताचा धोका ३५ टक्के वाढतो, असे निघाले. म्हणजे जिथे १०० जणांना झाला असता तिथे १३५ जणांना.

कोणी म्हणेल, “त्या जन्मजात गुणामुळेच पक्षाघात होत असेल, दारूचा काय दोष?” शास्त्रज्ञांनी तेही तपासले. तिथल्या बायकांत तोच गुण आहे. पण शंभरांत दोनच बायका नियमाने पितात. पुरुष शंभरांत तेहतीस. बायकांत तो गुण असो वा नसो, पक्षाघातात फरक पडला नाही. म्हणजे चोर सापडला. तो दारूच होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्याच्या बाबतीत या तपासणीत तोटा स्पष्ट दिसला नाही. पण औषध म्हणावे असा फायदाही दिसला नाही.

कर्करोगाचा निकाल तर आधीच लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच दारूला खात्रीने कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि बायकांचे स्तन, या जागी दारूमुळे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील, तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आपल्याकडे तंबाखूची चंची कमरेला असतेच. म्हणून हे विशेष सांगितले.

२०१९ या एका वर्षात जगात दारूमुळे सुमारे २६ लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्यांत २० लाख पुरुष होते. म्हणजे मागे राहिलेल्या घरांत बहुतेक ठिकाणी कर्ता माणूस गेला.

तर मग काय करावे?

एक पेग घेतला की माणूस उद्या मरतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. थोड्या दारूने थोडा धोका, जास्तीने जास्त. पण ‘औषध’ हे नाव तिला शोभत नाही. प्रकृतीसाठी म्हणून कोणीही सुरुवात करू नये.

लहान मुलाला ब्रँडीचा थेंबही देऊ नका. मुलाच्या रक्तातली साखर त्याने एकदम उतरू शकते. मूल गुंगले तर ‘झोपले, बरे वाटले’ असे आपल्याला वाटते, आणि ते धोक्यात असते. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनीही दारू घेऊ नये. पोटातल्या गर्भाला ती आईच्या रक्तातून पोचते.

झोपेसाठी घेणाऱ्याला डोळा लवकर लागतो हे खरे. पण पहाटेची झोप मोडते आणि सकाळी अंग जड होते. मग दुसऱ्या रात्री पुन्हा बाटली आठवते.

आता एक महत्त्वाची सूचना. जो माणूस पुष्कळ वर्षे रोज भरपूर पितो, त्याने घरच्या शपथेवर एका दिवसात दारू तोडू नये. अशा माणसाचे हात कापतात, घाम सुटतो, फिट येते, भास होतात. कधी जिवावरही बेतते. हे नाटक नव्हे, आजार आहे. त्याला सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टर औषध देऊन दारू सोडवतात. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. फोन पिणाऱ्यानेच केला पाहिजे असे नाही, त्याच्या बायकोने केला तरी चालतो.

दारू पिणाऱ्याला शिव्या देऊन किंवा कोंडून तो सुधारत नाही. त्याला शांतपणे, तो शुद्धीवर असताना सांगावे. आणि तो म्हणाला, “अगं, थोडी घेतली तर औषधच की,” तर हा धडा त्याच्यापुढे ठेवावा. त्याला वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. तुम्हाला आता वाचता येते ना? मग त्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग कोणता?